एक म्हणजे काय?

(आपल्या दहावीच्या १९९५ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू कॉम्प्युटरवाली आहेस, तू एआयवर बोल." मी म्हटलं, एआयवर हल्ली सगळेच बोलतात, मी खरेदीवर बोलते. पलीकडे क्षणभर शांतता. मग हळूच प्रश्न आला, "खरेदी म्हणजे साड्यांची का?"

साड्यांची नाही, रुग्णालयाची. इंजिनिअरिंग झाल्यापासून माझी बरीच वर्षं रुग्णालयांच्या भांडार आणि खरेदी विभागांसाठी सॉफ्टवेअर लिहिण्यात गेली आहेत. या विभागावर कोणी भाषण करत नाही. डॉक्टरांचा सत्कार होतो, संशोधकांचे फोटो पेपरात येतात, पण खरेदी खात्यातला माणूस फक्त घोटाळा झाला की बातमीत येतो. तरीही नवं औषध, नवं यंत्र किंवा नवं तंत्र तुमच्या-माझ्या खाटेपर्यंत पोचणार की नाही, हे बऱ्याचदा त्याच्या टेबलावर ठरतं. आज हा विषय घ्यायला आणखी एक कारण आहे. आपल्या तुकडीने जो निधी जमवला आहे, त्याचं काय करायचं हे आज जेवणानंतर ठरणार आहे. त्यावर मी शेवटी येते.

सुरुवात एका प्रश्नापासून करते. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका रुग्णालयात आम्ही आमच्या सॉफ्टवेअरचा नमुना दाखवायला गेलो होतो. पडद्यावर रकाने होते: वस्तूचं नाव, संख्या, दर. तिथले भांडार अधिकारी निवृत्तीला आलेले, बी.कॉम. झालेले गृहस्थ होते. त्यांनी शांतपणे विचारलं, "या संख्येच्या रकान्यात मी 'एक' लिहिलं, तर तो एक म्हणजे काय?" मग त्यांनी हातमोज्यांचं उदाहरण दिलं. शस्त्रक्रियागृहातून मागणी येते तेव्हा एक म्हणजे एक जोडी. वॉर्डातली सिस्टर एक म्हणते तेव्हा तिला शंभरचा डबा हवा असतो. कंपनीच्या बिलात एक म्हणजे अख्खा खोका. हिशेब विभाग दर काढतो तो एका नगाचा. "चौघंही एकच म्हणतात," ते म्हणाले, "आणि चौघांचा एक वेगळा."

गणिताच्या बाई इथे बसल्या आहेत, त्यांना हे ऐकून बरं वाटेल. उत्तरापुढे एकक लिहिलं नाही तर त्या अर्धा गुण कापायच्या. रुग्णालयात तेच एकक चुकलं तर वर्षभराची मागणी शंभरपट होते किंवा शंभराव्या हिश्श्यावर येते. ऐन वेळी शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागते, नाहीतर भांडारात मुदत संपलेला माल साचतो. त्या अधिकाऱ्यांकडे जे कौशल्य होतं, त्याला भाव करण्याची कला म्हणता येणार नाही. शब्दामागची वस्तू आणि वस्तूमागचा वापर त्यांना दिसत होता. खरेदीच्या माणसाचं मूळ भांडवल हेच आहे.

आपण दहिसरची मुलं. जकात नाका आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. मुंबईत येणारा माल हायवेवर नाक्याशी थांबायचा, कागद तपासले जायचे, मग ट्रक पुढे सरकायचा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि जकात गेली. पण प्रत्येक रुग्णालयात असा एक नाका आजही आहे, तो म्हणजे खरेदी विभाग. डॉक्टरांची मागणी, संशोधकाचा शोध, कंपनीचा माल आणि देणगीदाराचा पैसा, सगळं तिथूनच आत जातं. नाक्यावरचा माणूस डोळे मिटून शिक्के मारत बसला तर काहीही आत येईल. तो फक्त अडवत बसला तर चांगलं तेही बाहेर राहील.

काहीही आत आलं तर काय होतं, हे मुंबईने पाहिलं आहे. १९८६ च्या सुरुवातीला जे. जे. रुग्णालयात काही रुग्णांना ग्लिसरीन दिलं गेलं. मेंदूवरचा किंवा डोळ्यातला दाब कमी करण्यासाठी ते तेव्हा नेहमी वापरत. त्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन होतं. ते दिसायला ग्लिसरीनसारखंच घट्ट, पारदर्शक आणि चवीला गोड असतं, पण पोटात गेल्यावर मूत्रपिंडं निकामी करतं. चौदा रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने नंतर जे मांडलं, त्यात पुरवठादार, औषध नियंत्रण यंत्रणा, रुग्णालयाची खरेदीची पद्धत आणि राजकीय हस्तक्षेप असं सगळंच होतं. ते ग्लिसरीन एका झटक्यात रुग्णापर्यंत पोचलं नव्हतं. ते कोणीतरी मागवलं, कोणीतरी स्वीकारलं, कोणीतरी नोंदवलं. त्या प्रत्येक पायरीवर "हे कुठून आलं, याची तपासणी कोणी केली" असं विचारायची जागा होती. आपण तेव्हा पहिली-दुसरीत होतो. आजही डायइथिलीन ग्लायकॉलचं नाव बातम्यांत येतं. २०२२ मध्ये गाम्बियात खोकल्याच्या औषधांत ते सापडलं आणि लहान मुलं गेली.

यावर उपाय म्हणून एखादा हुशार, प्रामाणिक अधिकारी शोधून बसवणं पुरेसं नसतं. तो बदलून गेला की संपलं. व्यवस्था लागते. अशी व्यवस्था आपल्या देशात तमिळनाडूने १९९४ साली उभी केली, तमिळनाडू वैद्यकीय सेवा महामंडळ या नावाने. औषधं कंपनीच्या नावाने न मागता मूळ रासायनिक नावाने मागवायची. जिल्ह्याजिल्ह्यात गोदामं ठेवायची. आलेल्या मालाचे नमुने कंपनीचं नाव झाकून, फक्त सांकेतिक क्रमांक देऊन प्रयोगशाळेकडे पाठवायचे, म्हणजे तपासणाऱ्याला माल कोणाचा हेच कळणार नाही. आणि प्रत्येक रुग्णालयाला एक पासबुक. बँकेसारखंच. तुमच्या खात्यावर इतकी रक्कम आहे, गोदामातून जे उचललं ते त्यात वजा होणार. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मनोमन हात जोडले. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला मोठमोठी नावं देतो, ते काम एका साध्या वहीने केलं होतं.

आपल्या महाराष्ट्रात २०१७ साली राज्याच्या रुग्णालयांसाठी औषधं आणि उपकरणं खरेदी करण्याचं काम हाफकिनच्या जीव-औषध निर्माण महामंडळाकडे आलं. पुढे २०२३ मध्ये कायदा करून महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण हे वेगळं प्राधिकरण स्थापन झालं. म्हणजे तमिळनाडूनंतर जवळपास एकोणतीस वर्षांनी. पण त्यामागचा विचार मला महत्त्वाचा वाटतो. लस बनवणं हे एक शास्त्र, उपचार करणं हे दुसरं, आणि खरेदी हे तिसरं. पहिली दोन येतात म्हणून तिसरं आपोआप येत नाही.

या तिसऱ्या शास्त्राची ताकद पाहायची तर परळला जावं लागेल. टाटा मेमोरियल केंद्राच्या पुढाकाराने २०१२ मध्ये नॅशनल कॅन्सर ग्रिड हे देशभरातल्या कर्करोग रुग्णालयांचं जाळं सुरू झालं. पूर्वी प्रत्येक रुग्णालय आपापली औषधं आपापल्या ताकदीवर घ्यायचं. मोठ्याला बरा दर मिळायचा, लहान गावातल्याला कंपनी देईल तो. ग्रिडने प्रयोग केला. २३ रुग्णालयांची ४० औषधांची मागणी एकत्र केली. आधी दर्जाच्या अटी पार करायच्या, मगच दराचं बोलायचं. १,३२० कोटी रुपयांची बचत झाली. काही औषधांत ती २३ टक्के होती, काहींत थेट ९९ टक्क्यांपर्यंत. मित्रांनो, इथे कोणी नवा रेणू शोधला नव्हता. औषधं तीच, रुग्णही तेच. फक्त रुग्णालयं एकत्र बसली आणि मागणीचा तक्ता नीट मांडला. माझ्या दृष्टीने हाही शोधच आहे. घरात कर्करोगाचं आजारपण काढलेले आपल्यात काही जण आहेत. औषधाचा दर निम्म्यावर येणं म्हणजे काय, ते त्यांना विचारा.

मात्र स्वस्त मिळालं म्हणजे जिंकलो, असंही नाही. आपल्याकडे म्हण आहेच, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. रक्त तपासण्याची यंत्रं पाहा. काही कंपन्या यंत्र जवळजवळ फुकट देतात. अट एवढीच, की तपासणीला लागणारी रसायनं त्यांचीच घ्यायची, दुसऱ्या कोणाची त्या यंत्रात चालतच नाहीत. कोंबडी फुकट, मसाला जन्मभर विकत. म्हणून आजच्या खरेदी अधिकाऱ्याला यंत्राच्या किमतीबरोबर त्याच्या सगळ्या आयुष्याचा हिशेब मांडावा लागतो: रसायनं, वीज, सुटे भाग, वॉरंटी संपल्यावरचा देखभाल करार, बिघाड झाला तर किती तासांत माणूस येणार, आणि दहा वर्षांनी ते टाकायचं कुठे. निविदेत सर्वांत कमी दराचा जो 'एल-वन' ठरतो, तो या हिशेबात कित्येकदा शेवटचा निघतो. आता हे सगळं निविदेच्या अटींतच लिहावं लागतं. मागाहून तक्रार करून उपयोग नसतो.

दुसरं कौशल्य दूरदृष्टीचं. एप्रिल २०२१ आठवा. ऑक्सिजन हा शब्द तेव्हा घराघरात पोचला होता. त्या महिन्यात एका रात्री ऑक्सिजनचा साठा कमी पडू लागल्याने महापालिकेच्या सहा रुग्णालयांतले १६८ रुग्ण दुसरीकडे हलवावे लागले. ते सुखरूप पोचले, कारण ज्या ठिकाणी पोचवायचं तिथे ऑक्सिजन होता. महापालिकेने पहिल्या लाटेतच, २०२० मध्ये, काही रुग्णालयांत आणि जंबो केंद्रांत द्रवरूप ऑक्सिजनच्या १३ हजार लिटरच्या टाक्या बसवायला घेतल्या होत्या. एक लिटर द्रवापासून साधारण ८६० लिटर वायू मिळतो. म्हणजे एक भरलेली टाकी सुमारे सोळाशे जंबो सिलिंडरांएवढी. तेवढे सिलिंडर रोज चढवायचे-उतरवायचे म्हणजे किती ट्रक, किती माणसं, किती धोका, याचा विचार करा. मे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीला मुंबईकडून शिकायला सांगितलं. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? आणि आडात भरायचं ते तहान लागण्याच्या आधी.

आता नव्या शोधांकडे येते. पवईला आयआयटीत २०१४ पासून बेटिक नावाचं केंद्र आहे, राज्य शासनाच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या मदतीने सुरू झालेलं. डॉक्टर आणि इंजिनिअर तिथे एकत्र बसून वैद्यकीय उपकरणं घडवतात. तिथून निघालेला डिजिटल स्टेथोस्कोप आज बाजारात आहे. पण असं उपकरण घडवणारी पोरं जेव्हा पहिल्यांदा निविदा भरायला जातात, तेव्हा अट काय असते? तीन वर्षांचा अनुभव, इतक्या कोटींची उलाढाल. नव्या माणसाकडे तीन वर्षांचा अनुभव येणार कुठून? पोहता आल्याशिवाय पाण्यात उतरू नकोस, अशी ही अट. केंद्राच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत नवउद्योगांसाठी उलाढालीची आणि पूर्वानुभवाची अट शिथिल करण्याची सोय आहे. दर्जाची अट मात्र तशीच राहते, आणि ती राहायलाच हवी. पण ही सोय वापरायची तर खरेदी अधिकाऱ्याला नियम माहीत हवा, उपकरण समजायला हवं आणि सही करण्याचं धैर्य हवं. जुन्या कंपनीचं यंत्र बंद पडलं तर कोणी त्याला विचारत नाही. नव्याचं बंद पडलं तर चौकशी लागते. म्हणून धैर्याला कागदाचा आधार द्यायचा: आधी एका विभागात तीन महिने वापरून बघू, डॉक्टर-नर्सचं मत लिहून घेऊ, आकडे मांडू, मग ठरवू. असं करणारे अधिकारी मी पाहिले आहेत. ती मंडळी नव्याला नाक्यावर अडवतही नाहीत आणि तपासल्याशिवाय सोडतही नाहीत.

संयोजकांनी सांगितलेला एआयही इथेच येतो. छातीचा एक्स-रे वाचून क्षयरोगाची शंका दाखवणारं सॉफ्टवेअर आज आहे. मुंबईतच सुरू झालेली क्युअर डॉट एआय ही कंपनी ते बनवते. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने क्षयाच्या तपासणीत अशा सॉफ्टवेअरच्या वापराला मान्यता दिली, पंधरा वर्षं आणि त्यावरच्या वयासाठी. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून असं सॉफ्टवेअरही वैद्यकीय उपकरणांच्या कायद्याखाली येतं. पण ते विकत घेताना काय विचारायचं? हातमोज्यांसारखं डब्यात मोजून घेता येत नाही. मी माझ्या धंद्यातली गुपितं फोडते. विचारा, हे कोणत्या माणसांच्या एक्स-रेवर शिकलं आहे, त्यांत आपल्यासारखे रुग्ण किती होते? पैसे दर एक्स-रेमागे द्यायचे की दर वर्षाला? नवी आवृत्ती आली की ती पुन्हा तपासून बघणार कोण? रुग्णांची माहिती कुठे साठणार, आणि उद्या करार मोडला तर ती आम्हाला वाचता येईल अशा रूपात परत मिळणार का? आणि ते अधिकारी असते तर त्यांनी विचारलंच असतं, "एक तपासणी म्हणजे काय? एक रुग्ण की एक फिल्म?" बिलात त्याने दुपटीचा फरक पडतो.

म्हणजे पाहा, हा माणूस किती बदलला. पूर्वी तो दर मागवायचा, तुलनेचा तक्ता करायचा, साहेबांपुढे ठेवायचा. आज त्याला डॉक्टरांशी त्यांच्या भाषेत, वकिलाशी कराराच्या भाषेत आणि आमच्याशी डेटाच्या भाषेत बोलावं लागतं. एखाद्या औषधाचा एकच पुरवठादार असेल तर दुसरा आधीच शोधून ठेवावा लागतो. आणि दिवाळीत घरी आलेला मिठाईचा मोठा डबा परत पाठवावा लागतो. हे शेवटचं कुठल्याच अभ्यासक्रमात नाही, पण ते नसेल तर बाकी सगळं फुकट.

तुमच्यापैकी अनेकांची मुलं आता बारावीच्या आसपास आहेत. डॉक्टर नाहीतर इंजिनिअर, या दोन रुळांवरून आपली गाडी अजून खाली उतरत नाही. त्यांना सांगा, मध्येही एक वाट आहे. देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत रुग्णालय प्रशासन शिकवतात. बेलापूरला मुख्यालय असलेली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मटेरियल्स मॅनेजमेंट साहित्य व्यवस्थापनाचे अभ्यासक्रम चालवते. कॉमर्सचा, फार्मसीचा, इंजिनिअरिंगचा, कोणत्याही शाखेचा विद्यार्थी इथे काम करू शकतो. चौकसपणा आणि चिकाटी मात्र हवी.

आता आपला निधी. धर्मादाय दवाखान्याला डायलिसिसचं यंत्र द्यावं, त्यावर आपल्या तुकडीचं नाव लागावं, अशी सूचना व्हॉट्सॲप गटावर आली आणि तिला शंभर अंगठे मिळाले. भावना चांगली आहे. विरोध नाही, प्रश्न आहेत. चार तासांच्या एका डायलिसिसला साधारण १२० लिटर शुद्ध पाणी लागतं. रोज दोन पाळ्या, आठवड्याचे सहा दिवस धरले तर वर्षाला जवळपास ७५ हजार लिटर होतात. त्यासाठी आर.ओ. संयंत्र लागतं, आणि शुद्ध पाणी निघताना वाया जाणारं पाणी वेगळं. दवाखान्यात तेवढं पाणी आणि जागा आहे का? यंत्र चालवणारा प्रशिक्षित तंत्रज्ञ आहे का, त्याचा पगार कोण देणार? डायलायझर आणि नळ्या दर महिन्याला कुठून येणार? वॉरंटी संपल्यावर देखभाल करार कोणाच्या पैशाने? आणि इतकं करून एका यंत्रावर चार ते सहा रुग्णच बसतात. आठवड्याला दोन-तीनदा येणारा रुग्ण यंत्र बंद पडलं म्हणून परत गेला, तर त्याला आपल्या नावाची पाटी वाचून बरं वाटणार नाही.

दवाखान्यातल्या लोकांकडे या प्रश्नांची उत्तरं असतील तर आनंदाने यंत्र देऊ. नसतील, तर माझी सूचना अशी आहे. ज्या ठिकाणी यंत्रं आधीच आहेत पण साहित्याअभावी किंवा देखभालीअभावी रिकामी राहतात, तिथे आपण पाच वर्षांचं साहित्य आणि देखभाल उचलू. त्यावर पाटी लागणार नाही, फोटोही फारसा चांगला येणार नाही. पण दर सहा महिन्यांनी आपल्यातले दोघं जाऊन नोंदवही बघतील, किती रुग्ण आले, किती वेळा यंत्र बंद होतं, आणि गटावर आकडे टाकतील.

मतदान जेवणानंतर आहे. त्याआधी दवाखान्याला विचारायच्या प्रश्नांचा एक कागद मी तयार केला आहे, तो प्रत्येक टेबलावर ठेवला आहे. त्यात काही सुटलं असेल तर हाताने लिहा. आपल्यात सीए आहेत, नर्स आहेत, बँकेत काम करणारे आहेत, आणि दोन घरं एका पगारात चालवून दाखवलेल्या मैत्रिणीही आहेत. मला न सुचलेला प्रश्न तुम्हाला नक्की सुचेल.